दिव्याला दाखवलेली काठी

१

हॉलचं शटर अर्धं वर होतं, म्हणजे बाबा आत होते. सकाळी हॉल उघडण्याआधी ते एकटेच सराव करायचे आणि मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. मी वाकून आत शिरले आणि चहा आणल्याची आरोळी ठोकली. आतून काहीच उत्तर आलं नाही.

फक्त पहिल्या टेबलावरचा दिवा चालू होता. हिरव्या कापडावर चेंडू त्रिकोणात नीट मांडलेले, पांढरा चेंडू आपल्या जागी. म्हणजे खेळ सुरूच झाला नव्हता. कोपऱ्याला वळसा घातल्यावर मला आधी चपला दिसल्या आणि मग बाबा. ते उताणे पडले होते, डोळे उघडे होते. शेजारी एक काळी काठी पडली होती.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, लिफ्टला भिते, फोन अवेळी वाजला तर उचलत नाही. जगात एकच जागा अशी आहे जिथे मी भीत नाही, ती म्हणजे पूलचं टेबल. त्या दिवसापासून तीही गेली.

मी किंचाळले असणार, कारण जिन्यावरून पार्टनरकाका धावत आले. बाबांचे भागीदार, लहानपणापासून मी त्यांना पार्टनरकाकाच म्हणते. त्यांनी बाबांकडे धड पाहिलंही नाही. सरळ भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. हॉलमध्ये अंधार झाला, आणि त्या अंधारात मी बाबांच्या पायाशी बसून राहिले.

डॉक्टरांनी बाबांच्या दोन्ही तळहातांवर भाजल्याच्या खुणा दाखवल्या. विजेचा धक्का. पोलिसांनी दिवा खाली काढला तेव्हा पत्र्याच्या शेडच्या आत वायरचं वेष्टण झिजलेलं सापडलं. उघडी तार पत्र्याला टेकत होती. जुना दिवा, जुनी वायर, अपघात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण अपघात म्हटलं की निदान कोणाला भ्यायचं कारण उरत नाही.

२

आत्या आली ती तिसऱ्या दिवशी. बाबांची थोरली बहीण. पोलिसात होती, तिथं तिचं काम एकच, माणसांना बोलतं करायचं. निवृत्त झाल्यावर तिने बहिरेपणाचं एक छान सोंग घेतलं आहे. कान तिचे तिखट आहेत, पण समोरच्याला ती प्रत्येक गोष्ट पुन्हा सांगायला लावते. दुसऱ्यांदा सांगताना माणूस थोडं वेगळं सांगतो, असं तिचं म्हणणं.

ती रडली नाही. माझ्या नवऱ्याने चहा करून दिला तो प्यायली आणि म्हणाली, चल, हॉल दाखव.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तोही बाबांचाच शिष्य. आमच्या लग्नाच्या थोडं आधी तो या शहरात आला, हॉलमध्ये खेळायला लागला, आणि बाबांना खेळाडू व जावई एकदमच मिळाला. त्या तीन दिवसांत घर त्यानेच सांभाळलं. आल्यागेल्यांचं पाहणं, फोन घेणं, मला बळेबळे दोन घास भरवणं. हाताला पुरळ उठून त्याची झोपमोड होत होती, तर माझी होऊ नये म्हणून तो बाहेर सोफ्यावर झोपत होता. माझ्या वाट्याला इतकं चांगलं माणूस आलं म्हणून मी त्या दिवसांतही देवाचे आभार मानले होते.

हॉलमध्ये आत्याने मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. त्या काळ्या काठीपासूनच सुरुवात करावी लागली.

पूलच्या काठीचे दोन भाग असतात. मागचा जाड दांडा आणि पुढचा निमुळता भाग, त्याला शाफ्ट म्हणतात. चेंडूला लागतो तो शाफ्ट. बाबांची सगळी हयात लाकडी शाफ्टवर गेली. कार्बन फायबरचे शाफ्ट आले तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. ते त्याला नळी म्हणायचे. "नळीनं खेळायचं तर नळावर जा, इथे कशाला येता," असं पोरांना सुनवायचे. पण गेल्या स्पर्धेत हवा दमट होती, माझा लाकडी शाफ्ट केसभर वाकला आणि मी हातातला सामना घालवला. कार्बन वाकत नाही, त्याला पोचा पडत नाही. त्यानंतर बाबांनी नळीची थट्टा करणं सोडलं. मग गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी काठ्या बनवणाऱ्या काठीवाल्यांना बोलावून त्यांनी तीन कार्बन शाफ्ट ठेवून घेतले: एक सडपातळ, एक मधला, एक जाड. सकाळी एकेक करून पाहतो म्हणाले.

आमच्या हॉलमध्ये शाफ्ट निवडणं साधी गोष्ट नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेला प्रत्येक क्लबचा एकच खेळाडू जातो आणि त्याच्यासोबत एक प्रशिक्षक. कोण जाणार हे बाबा तोंडाने कधी सांगत नसत. ज्याच्या हातात नवा शाफ्ट देतील तो जाणार. या वर्षी नाव दोघांपैकीच एकाचं होतं, माझं किंवा माझ्या नवऱ्याचं. माझी बोटं लहान, मला सडपातळ शाफ्ट लागतो. त्याचा पंजा रुंद, त्याला जाड. म्हणजे बाबांनी कुठला उचलला एवढं पाहिलं की निकाल कळणार होता.

"आणि त्याने कुठला उचलला?" आत्याने विचारलं.

सडपातळ. मी हे मोठ्याने म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा नीट रडू आलं.

आत्याने मला रडू दिलं. मग तिने तिन्ही शाफ्ट खिडकीपाशी उजेडात धरले. मधला आणि जाड चकचकीत होते. सडपातळ शाफ्ट मधल्या भागापासून टोकापर्यंत मळकट दिसत होता, कोणी काचपेपरने घासावा तसा. तिने बाबांच्या हातांबद्दल विचारलं. डावा कुठे होता, उजवा कुठे?

मी तिला आमचा रिवाज सांगितला. नवी काठी पहिल्यांदा खेळायला घेताना ती दिव्याला दाखवतात. डावा हात टेबलाच्या कोपऱ्यातल्या धातूवर, उजव्या मुठीत शाफ्टचा मध्य, आणि वर लटकणाऱ्या दिव्याच्या कडेला शाफ्टने दोनदा टकटक. खरं म्हणजे नवख्यांनी काठी उंच उचलून दिवा फोडू नये, त्यांना उंचीचा अंदाज यावा, म्हणून बाबांनी हे सुरू केलं होतं. पुढे लोकांनी त्याचा शकुन करून टाकला.

आत्या स्टुलावर बसली. तिने शांतपणे हिशेब मांडला. टेबलाच्या पोटात चेंडू परत आणणारं मोटारीचं यंत्र आहे, म्हणून त्याची चौकट जमिनीशी जोडलेली. दिव्याच्या पत्र्यात वीज. मध्ये उभा माणूस. लाकडी काठी असती तर काही झालं नसतं. कार्बनमधून वीज जाते, पण वरचा लेप शाबूत असता तरी बहुधा काही झालं नसतं.

"वायर एकटी झिजू शकते. पण कालच आलेला शाफ्ट त्याच रात्रीत नेमका तेवढाच झिजत नाही. दोन्ही एकदम होत नाहीत, पोरी."

मग तिने मला विचारलं की हा रिवाज कोण पाळतं, शाफ्ट देणारा की घेणारा. घेणारा, मी म्हणाले. ज्याची काठी त्यानेच दाखवायची.

"आणि सडपातळ शाफ्ट कोणाचा होणार होता?"

माझा, मी म्हणाले.  मला मारायला कोणीतरी तो दिवा तयार ठेवला होता, आणि त्या माणसाकडे हॉलची किल्ली होती.

३

किल्ल्या तिघांकडे होत्या. बाबांकडे, पार्टनरकाकांकडे आणि आमच्या घरी. काठीवाल्यांना किल्लीची गरजच नव्हती. शाफ्ट त्यांच्याच कारखान्यातून आले होते आणि दिवा साफ करायची शिडी सगळ्यांसमोर भिंतीला टेकलेली असते. म्हणजे तीन माणसं. तिघांनीही माझ्या डोक्यावरून हात फिरवलेला.

आत्याने घरापासूनच सुरुवात केली. माझा नवरा कांदा चिरत होता. आत्या त्याच्यासमोर बसली आणि कान पुढे करून सगळं विचारू लागली. त्याने सरळ सरळ सांगितलं. आदल्या संध्याकाळी तो हॉलमध्ये होता, त्याने शाफ्ट हातात घेऊन पाहिले होते, मग बाबांनीच कुलूप लावलं. रिवाजाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला की ज्याची काठी त्याने दाखवायची. आत्याला ऐकू आलं नाही. त्याने आवाज चढवून पुन्हा सांगितलं.

"ज्याची काठी त्यानेच. तेच तर मला कळत नाही आत्या, बाबांनी मध्ये हात का घातला."

हे म्हणताना त्याचे डोळे भरले होते. कांद्याने असेल असं मला वाटलं नाही. आत्याने मान हलवली आणि कांदा बारीक चिर म्हणाली.

जेवण झाल्यावर आम्ही पार्टनरकाकांकडे गेलो. मी मनातून त्यांनाच धरून बसले होते. एक तर त्यांना टेबलं काढून तिथे व्यायामशाळा करायची होती आणि त्यावरून बाबांशी त्यांचे कायम खटके उडायचे. दुसरं म्हणजे तो मेन स्विच. समोर मित्र पडलाय आणि हा माणूस आधी वीज बंद करतो, याला काय म्हणायचं? वाटेत मी हे आत्याला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, त्यालाच विचारू की.

पार्टनरकाका ऑफिसात दिवे न लावता बसले होते. स्विचचं विचारल्यावर ते भडकले.

"जळका वास आला मला! दोघं मेलेली बघायची होती का? ही त्याला हात लावणार होती!"

मी खाली बघत राहिले. आत्याने हळूच विषय वळवला. नवी काठी दिव्याला दाखवायची असते ती कोणी? पार्टनरकाका म्हणाले, ज्याची त्याने. आत्याने कान पुढे केला. तेव्हा ते वैतागून म्हणाले की हिची सोडून. हिची काठी हिचा बाप स्वतः दाखवायचा. ही फ्रॉकमध्ये होती तेव्हा हिचा हात दिव्याला पुरायचा नाही, म्हणून त्याने दाखवली. पुढे ही मोठी झाली तरी त्याची सवय गेली नाही. शेवटची काठी हिला दिली तेव्हाही तोच उभा राहिला होता.

हे मला माहीत होतं, आणि तरी हॉलमध्ये आत्याला सांगताना मला ते सुचलं नव्हतं. बाबा मला बुटके अशी हाक मारायचे. माझी शेवटची नवी काठी कितीतरी वर्षांपूर्वीची, लग्नाच्या खूप आधीची. मी तिच्यावरच खेळत आले. काठी नवी नाही, तर रिवाजाचा प्रश्नही आला नाही. बाबांनी त्या सकाळी सडपातळ शाफ्ट पसंत केला आणि लगेच माझ्या वतीने दिव्याला दाखवला. त्यांना वाटलं असेल, बुटकीला चहा घेऊन यायला वेळ आहे, तोवर उरकून घेऊ.

बाहेर आल्यावर आत्या रस्त्याच्या कडेला थांबली. ती म्हणाली की आता दोनच शक्यता उरतात. ज्याला हे ठाऊक होतं त्याने बाबांना मारलं. किंवा ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला मी हवी होते. ठाऊक कोणाला होतं ते आपण काठीवाल्यांना विचारू.

तिने आणखी कोणाचं नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. रस्त्यावर ऊन होतं, माणसं येत जात होती, आणि मला प्रत्येक पाठीमागच्या पावलाने दचकायला होत होतं.

४

काठीवाल्यांचा कारखाना म्हणजे एका लांब शेडमध्ये दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लाकूड, आतल्या खोलीत कार्बन. मधलं दार ते कायम बंद ठेवतात. त्यांना जुना खोकला आहे, आणि खोकत खोकतच त्यांनी आम्हाला बसायला स्टुलं दिली.

आत्याने शाफ्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. आपण दिला तेव्हा असा नव्हता, ते म्हणाले. बाबांना कार्बनमधलं काही कळत नव्हतं, मळकट शाफ्ट बघून त्यांना वाटलं असेल असाच असतो. पण मी बघितला असता तर हातात घेऊ दिला नसता, असं ते दोनदा म्हणाले. रिवाजाचं विचारल्यावर आत्याला कान पुढे करायचीही गरज पडली नाही. पोरीची काठी बाप दाखवायचा, हे सगळ्या जुन्या मंडळींना माहीत होतं, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

आत्याला तेवढं पुरे होतं. पार्टनरकाकांना अजून एक विचारायचं राहिलं म्हणून ती परत हॉलकडे निघाली. मला म्हणाली, इथेच बस, माणसांत आहेस. मी बसले. काठीवाल्यांनी पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की ते आतलं दार बंद का ठेवता.

त्यांनी मला आतली खोली दाखवली. खुंटीवर तोंडाचा जाड मास्क, कोपरापर्यंतचे हातमोजे, घासताना वर पाणी सोडायची नळी. ते म्हणाले, लाकडाची भुकटी झटकली की जाते. कार्बन कोरडा घासला की त्याची बारीक कुसळं हवेत उडतात आणि कातडीत रुततात. दिसत नाहीत, निघत नाहीत. शिकाऊ असताना त्यांनी एकदा उघड्या हाताने एक शाफ्ट घासला होता.

"मनगटांना अशी खाज सुटली की काय सांगू. कित्येक दिवस झोप नाही. मलम लाव, तेल लाव, काही उपयोग नाही."

 मी गेल्या तीन दिवसांत कोणाच्या मनगटांना मलम लावलं होतं ते मला आठवलं. दोन्ही मनगटांना. कामाच्या जागी नवा साबण आलाय, त्याने उठलं, असं तो म्हणाला होता. मी फुंकर घालून मलम लावलं होतं. आणि तो अजून, इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार करून, असं समजत होता की ज्याची काठी त्याने दाखवायची.

मला ओरडावंसं वाटलं. पण आवाज फुटायच्या आत बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, ओळखीचा, दोनदा. तो दारात उभा होता. मला शोधत हॉलवर गेला होता, तिथून इकडे आला. चल, दमली असशील, घरी जाऊ या, म्हणाला.

नाही म्हटलं तर त्याला कळणार. हो म्हटलं तर त्याच्याबरोबर जावं लागणार. मी काठीवाल्यांकडे वळले. माझा आवाज माझा मलाच परका वाटला.

"काका, आत्याला सांगा, यांच्या मनगटांना मलम लावायचं होतं म्हणून मी घरी गेले."

काठीवाल्यांचा खोकला एकदम थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्कूटरकडे. सांगतो हां, असं ते अगदी सावकाश म्हणाले.

मी त्याच्या मागे बसले आणि रोजच्यासारखा त्याचा खांदा धरला.

५

घरी आल्यावर त्याने मला पंख्याखाली बसवलं आणि चहा टाकला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. हीच पाठ, हेच हात. किती वेळा मी याच हातांना धरून रस्ता ओलांडला होता. दार माझ्यापासून दोन हातांवर होतं, पण माझे पाय उठत नव्हते. मी इतकी भ्याले होते की पळायचंही सुचत नव्हतं.

त्याने कप पुढे ठेवला. मी तो घेतला आणि तसाच धरून राहिले. तो म्हणाला की स्पर्धेच्या संघटनेतून कोणी ना कोणी विचारणारच, क्लबतर्फे कोण जाणार म्हणून. तू या अवस्थेत कशी खेळशील? मी सांगून टाकू का की मीच जातो? बाबांचं नाव तरी राहील. बोलता बोलता तो डाव्या मनगटावर उजव्या हाताची नखं ओढत होता, आपल्याच तंद्रीत.

मग त्याने विचारलं, आत्या काय म्हणते.

मी काय सांगावं? खोटं बोलले असते तर आवाजाने घात केला असता. मला खरंच बोलायचं सुचलं, कारण खरं बोलताना माझा आवाज कापत नाही. मी म्हणाले, बाबांनी दिव्याला काठी का दाखवली ते आत्याला कळलं.

त्याची नखं थांबली. का, असं त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं. तीन दिवस तो हाच प्रश्न उराशी घेऊन सोफ्यावर जागा होता हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

"माझी काठी नेहमी बाबाच दाखवायचे. मी लहान असल्यापासून. माझा हात पुरायचा नाही म्हणून."

तो खुर्चीत बसला.   चहावर साय धरली.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

बस, एवढंच. बाबा गेल्याचं दुःख त्या वाक्यात होतं, तक्रार होती, आणि मी अजून जिवंत बसले आहे याच्या आनंदाचं कुठे नावही नव्हतं. माझ्या हातातला कप थडथडायला लागला. त्याने तो आवाज ऐकला, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटांकडे. मला सगळं कळलंय हे त्याला कळलं. तो उठला आणि माझ्या व दाराच्या मध्ये येऊन उभा राहिला.

मी डोळे मिटून घेतले. शूर माणसं अशा वेळी काय करतात मला ठाऊक नाही.

दाराची कडी जोरात वाजली, आणि बाहेरून आत्याचा आवाज आला, बहिऱ्या माणसाला शोभेल इतका मोठा. दार उघड, मलम आणलंय.

६

आत्याबरोबर पार्टनरकाका होते, काठीवाले होते, आणि साध्या कपड्यांतला एक इन्स्पेक्टर, आत्याच्या हाताखाली कधीकाळी शिकलेला. दार माझ्या नवऱ्यानेच उघडलं. बाकी काय करणार होता?

आत्याने आधी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मग तिने इन्स्पेक्टरला सगळं उलगडून सांगितलं, आणि मला वाटतं, माझ्या नवऱ्यालाही. तीन शाफ्टपैकी एकच घासला होता, म्हणजे सापळा फक्त सडपातळ शाफ्टचा होता. बाबांनी जाड उचलला असता तर कोणीच मेलं नसतं, वायर पुन्हा गुपचूप बांधून टाकली असती. म्हणजे मारणाऱ्याचं वैर माणसाशी नव्हतं, बाबांच्या निवडीशी होतं. काठीवाल्यांना शाफ्ट घासायचा असता तर मास्क, मोजे, पाणी सगळं हाताशी होतं, मग कोणाचेच हात खाजले नसते. पार्टनरकाका आणि काठीवाले दोघांनाही माहीत होतं की हिची काठी बाप दाखवतो. त्यांना ही मरायला हवी असती तर त्यांनी हा सापळा लावलाच नसता. बाबा मरायला हवे असते तर पार्टनरकाकांचे हात खाजायला हवे होते. ज्याचे खाजत होते, त्या एकट्याला बाबांनी मध्ये हात का घातला ते कळत नव्हतं.

"तू मला ते दोनदा सांगितलंस, जावईबापू. दोन्ही वेळा अगदी खरं सांगितलंस."

त्याने नाकारलं नाही. तो म्हणाला की दर वर्षी बाबा पुढच्या वर्षी म्हणायचे. त्याचं वय पुढच्या वर्षासाठी थांबणार नव्हतं. आदल्या संध्याकाळी बाबा सडपातळ शाफ्ट पुन्हा पुन्हा टेबलावर फिरवून बघत होते, कानाशी धरून वाजवत होते, तेव्हाच त्याला कळलं. हॉलची आमची किल्ली घरात खुंटीला होतीच. मी झोपले होते. जागा एकच होती, तो म्हणाला. एकच जागा.

"कोण म्हणालं एक?" पार्टनरकाकांनी विचारलं.

ते आतापर्यंत भिंतीला टेकून उभे होते.  तासाभरापूर्वी संघटनेच्या सेक्रेटरीचा फोन आला होता, ते म्हणाले. बाबांनी त्याला कळवून ठेवलं होतं की या वर्षी प्रशिक्षक म्हणून ते जाणार नाहीत. गुडघे साथ देत नाहीत, आपण घरी बसून फोनवर ऐकू. त्यांच्या जागी क्लबचा दुसरा खेळाडू घ्या. सेक्रेटरीने फार आढेवेढे घेतले होते, पण शेवटी मान्य केलं होतं.

 काठीवाले मग म्हणाले की बाबांनी त्यांना सकाळी येऊन फक्त मधला शाफ्ट परत न्यायला सांगितलं होतं. जाड राहू दे, म्हणाले होते. त्यांना वाटलं, म्हातारा अजून ठरवतोय.

माझ्या नवऱ्याने एकदाच विचारलं, बाबांनी आधी का नाही सांगितलं.  उत्तर मला माहीत होतं. बाबांना एकेकाचं नाव घेणं कधी जमलंच नाही, ते हातात काठी द्यायचे. दोघांच्या हातात एकाच वेळी देणार होते.

इन्स्पेक्टर त्याला खाली घेऊन गेला. जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत येत राहिला आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला. मला वाटलं होतं, तो गेल्यावर माझी भीती जाईल. ती तिथेच होती. आता ती कोणाची आहे एवढंच कळेनासं झालं होतं.

पार्टनरकाका जायला निघाले आणि दारात घुटमळले. सेक्रेटरी उत्तराची वाट बघतोय, ते म्हणाले. त्याला आज कळवायला हवं. दोन्ही नावं काढून टाकायला सांगतो, तू काळजी करू नकोस.

 आत्या माझ्याकडे बघतही नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"एक काढा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यात काही बदल झाला नाही. मग मी आत्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. स्पर्धा अगदी तोंडावर आली होती.